नाकासमोरचं दीपगृह

माझे वडील धरणाच्या पाण्यावर पालथे झोपून मासे धरायचे. होडी नव्हती. थर्माकोलची एक जाड लादी, ती फुटू नये म्हणून खताच्या पोत्यात घालून आईने सुतळीने शिवलेली, आणि तिच्यावर आडवे पडलेले आबा. दोन्ही हात वल्ह्यांसारखे पाण्यात आणि जाळ्याचं टोक कमरेला. खडकवासल्याला रविवारी कणीस खायला येणारी मंडळी कठड्याशी उभी राहून बोट दाखवायची. "ए, तो बघ, काय करतोय तो माणूस!" माणूस मासे धरत होता. घरी चार तोंडं होती.

घर म्हणजे धायरीतली पत्र्याची एक खोली. थंडीच्या दिवसांत आबांच्या छातीची सालं निघायची, कारण पोत्याची शिवण दिवसभर घासायची. संध्याकाळी आई हळद घालून तेल गरम करायची आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या आबांच्या छातीला पाठीमागून हात घालून चोळायची. समोर बसून चोळलं की आबांचं तोंड दिसतं, ते तिला बघवायचं नाही. उन्हाळ्यात पाणी खाली जायचं, काठावर नुसता चिखल उरायचा आणि मासा मिळायचा नाही. त्या दिवशी आई फोडणीचं पाणी करायची आणि आम्ही त्याला आमटी म्हणायचो. मी आणि माझी धाकटी बहीण त्यात भाकरी कुस्करायचो.

शाळेत माझ्या बाकावर दुसरं कोणी बसायचं नाही. माशांचा वास येतो, असं कारण होतं. आमच्या आजोबांच्या पिढीनं धम्म घेतला, त्यालाही खूप वर्षं झाली होती. पण कारण फक्त मासे नाही, हे आईला ठाऊक होतं आणि मलाही लवकरच कळलं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

दहा वर्षांची असताना मी आबांच्या लादीवर पहिल्यांदा झोपले. आबा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून सांगत होते, "हात लांब टाक. पाणी ओढायचं न्हाई. पाणी धरायचं आन आपण फुडं सरकायचं." मग त्यांनी पलीकडच्या काठाकडे हात केला. "त्ये झाड बघ. नाकासमोर धर. झाड इकडं-तिकडं झालं तर समजायचं, तू वाकडी चाललीस." मी झाड नाकासमोर धरलं आणि गेले. मागून आबा ओरडले, "आगं, परत बी यायचं हाय!"

पुढे कर्वेनगरच्या कॉलेजात मी बी.कॉम. केलं. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही. हे मी कोणालाही सांगते, विचारलं नाही तरी सांगते. कॉलेजची तीन वर्षं मी सकाळी आबांबरोबर जाळं टाकायला जायचे आणि तिथूनच बस पकडायचे. ओल्या केसांना मासळीचा वास येऊ नये म्हणून लिंबू चोळायचे. लिंबाचाही वास येतोच. "आज सरबत आणलंय का कोणी?" असं मागच्या बाकावरून यायचं. मी वळून बघायचे नाही.

शेवटच्या वर्षाला असताना एक दिवस एक गृहस्थ काठावर येऊन उभे राहिले. निवृत्त झालेले, पांढऱ्या मिशा, गळ्यात शिट्टी. धरणाच्या पाण्यावर ते परवानगी घेऊन काही मुलांना वल्हवायला शिकवायचे. मी लादीवरून उतरले तसे म्हणाले, "अहो बाई, हे आपण कुठे शिकलात?"

मला कोणी 'आपण' म्हणायची सवय नव्हती. मी मागे बघितलं. मागे आबा होते.

"ह्यांच्याकडे," मी म्हटलं.

"ह्याला जगात खेळ म्हणतात, माहीत आहे का?" ते म्हणाले. "बोर्डावर पालथं झोपायचं, नाहीतर गुडघ्यावर बसायचं आणि नुसत्या हातांनी वल्हवायचं. वल्हं चालत नाही. लोक मैलच्या मैल समुद्र ओलांडतात."

आबा हसले. "आन मासं?"

"मासे नाहीत."

"मंग कशापायी जात्यात?"

ह्याचं उत्तर, खरं सांगायचं तर, मला अजून नीट देता येत नाही. पण त्या सरांनी दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडचा एक बोर्ड दाखवला. बारा फूट लांब, मासोळीसारखा निमुळता, वर हनुवटी टेकायला स्पंजाचा तुकडा. आबांनी त्याच्यावरून हात फिरवला. खालून, वरून, कडेनं. मग गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "ह्याला जाळं कुठं बांधायचं?" सर पहिल्यांदाच मोठ्यानं हसले. त्या दिवसापासून मी त्यांची विद्यार्थिनी झाले.

बोर्डावर पहिल्यांदा झोपले तेव्हा रडू आलं होतं. शिवण टोचत नव्हती, म्हणून.

पदवी मिळाली, विम्याच्या एका कचेरीत नोकरी लागली. पहाटे दीड-दोन तास पाण्यात, मग कचेरी. मान अशी आखडायची की मागून कोणी हाक मारली तर अख्खं अंग वळवावं लागे. बरगड्या खालून दुखायच्या, हनुवटीला कायमचा काळा डाग पडला, तो अजून आहे. धरणांवर, तलावांवर ज्या शर्यती होत त्यांत मी जिंकायला लागले. आई ज्या सोसायटीत भांडी घासायची तिथल्या एका बाईंनी वर्तमानपत्रात माझा फोटो बघितला. मी त्या दिवशी आईला काही द्यायला तिथे गेले होते.

"तूच का ती? खडकवासल्यात वल्हवतेस म्हणे."

"हो."

"म्हणजे आम्ही पितो त्या पाण्यात तू लोळतेस होय!"

आई मोरीतून बाहेर न बघता म्हणाली, "तुमी ज्या ताटात जेवता त्ये तिच्या आईनंच धुतल्यालं असतंय, बाई. अजून तर काय झालं न्हाई तुमास्नी."

त्या महिन्यात ते काम सुटलं. आईला दुसरं मिळालं.

धरणात मासा कमी होत गेला. शेवटी आबांनी लादी ठेवून दिली आणि हडपसरच्या मासळी बाजारात एका गाळ्यावर मासे कापून द्यायचं काम धरलं. धायरीहून दोन बस बदलून जायचे. पाण्यातून उतरल्यापासून आबा बारीक झाले. खांदे तेवढेच रुंद, पण शर्ट त्यांच्यावर टांगल्यासारखा दिसायचा. "कसंय, बर्फातला मासा कापायला काय डोकं लागत न्हाई," असं म्हणायचे. घरी बोलणं कमी झालं. माझ्या शर्यतींचं मात्र सगळं विचारायचे. कितीजणी होत्या, वारा कुठून होता, हात कधी भरून आले.

मग समुद्राची शर्यत ठरली. कोकणातल्या एका बंदरापासून, मोठ्या खाडीचं तोंड ओलांडून, पलीकडच्या दीपगृहाखालच्या वाळूपर्यंत. अठ्ठावीस किलोमीटर, साडेसात तासांची मुदत. प्रत्येक स्पर्धकाबरोबर एक होडी असते. होडीत ती चालवणारा तांडेल आणि आपला एक माणूस. पालथं पडलेल्याला लांबचं नीट दिसत नाही, नाक पाण्याला लागलेलं असतं. म्हणून तो माणूस दिशा सांगतो, पाणी-खाणं देतो. बोर्डाला हात मात्र लावायचा नाही. लावला की बाद.

सर म्हणाले, "मी बसतो होडीत."

मी म्हटलं, "माझे वडील बसतील."

"अहो, समुद्र आहे तो."

"ते जन्मभर पाण्यात होते, सर."

सरांनी मिशीवरून हात फिरवला. माझ्या आवाजात गुर्मी होती, ती त्यांनी ऐकली असणार. बाकीच्या मुली त्यांचे प्रशिक्षक आणत होत्या, एकीचा तर परदेशात शिकलेला होता. मला दाखवायचं होतं की माझा प्रशिक्षक माझा बाप आहे. ते अंतर मला पूर्ण करायचं होतंच. पण ते आबांच्या नावावर पूर्ण करायचं होतं.

आदल्या दिवशी बंदरावर सगळ्यांना बसवून माहिती दिली. फळ्यावर किनारा काढला, बाण काढले. ओहोटी लागली की खाडीचं पाणी बाहेर पडतं आणि दक्षिणेला ओढतं, म्हणून पहिले तीन तास दीपगृहाच्या बऱ्याच उत्तरेला रोख धरा, समोर दिसतंय म्हणून सरळ जाऊ नका. सगळं हिंदीत आणि इंग्रजीत. आबा माझ्या शेजारी गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. पांढरा शर्ट घातला होता, तो माझ्या पदवीदानाला घेतलेला. मी सगळं वहीत लिहून घेतलं. बाणसुद्धा काढले. आबांनी विचारलं, "काय म्हन्ला त्यो?"

मी म्हटलं, "काही नाही आबा. पाणी पीत राहा, असं."

का म्हटलं असं, ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलंय. त्यांना शिकवायची माझी जीभ वळली नाही, एवढंच. पाण्यातलं काहीतरी मी त्यांना समजावून सांगायचं आणि त्यांनी विद्यार्थ्यासारखं ऐकायचं, हे मला बघायचं नव्हतं. बाजारात ते दिवसभर दुसऱ्याचं ऐकत होतेच.

सकाळी उजाडताच सुटलो. पहिला तास सोपा गेला. आबा होडीच्या टोकाशी बसून सांगत होते, "झ्याक चाललीस. दीपगृह नाकासमोर हाय. तसंच धर."

तांडेल म्हणाला, "काका, पोरीला वर धरायला सांगा. उत्तरेला. पाणी फिरलंय."

"कशाला लांबनं जायचं? समोर तर दिसतंय."

"दिसतंय, पण पाणी ओढतंय ना."

"आमी बी पाण्यातलीच माणसं हाव," आबा म्हणाले. रागानं नाही, ओळख करून दिल्यासारखं म्हणाले.

तांडेलानं अर्ध्या तासानं पुन्हा एकदा सांगितलं. मग विडी पेटवली आणि गप्प बसला. तो होडी चालवायला आला होता, भांडायला नाही. हे सगळं मला ऐकू येत होतं. होडी हाताच्या अंतरावर तर होती. बाकीच्या मुलींच्या होड्या डावीकडे लांब जाताना मला हात उचलताना काखेतून दिसत होत्या.

आबांनाही त्या दिसल्या. "त्या बघ, समद्या भरकटल्या," ते खुशीत म्हणाले. "तू एकटी नीट हायस."

मी दीपगृह नाकासमोर धरून हात मारत राहिले.

चार तासांनंतर दीपगृह मोठं दिसायला लागलं, पण ते आता समोर नव्हतं, वर सरकलं होतं. आम्ही वळलो. पुन्हा वर सरकलं. पुन्हा वळलो. असं होत होत शेवटच्या अडीच किलोमीटरला मी थेट प्रवाहाच्या तोंडाशी आले. पालथं झोपून मारलं, गुडघ्यावर बसून मारलं. काठावरची एक पिवळी इमारत होती, तिच्या खिडक्या मोजता येत होत्या. तासाभरानं मोजल्या तेव्हाही तेवढ्याच दिसत होत्या, तेवढ्याच लहान. आबा उभे राहिले होते. "आलं, आलं, पोरी. हे बघ, आलंच." हनुवटीखालचा स्पंज मी रागानं चावत होते. मुदत संपल्याचा बावटा दाखवणारी नाव आली.

तांडेलानं आणि आबांनी मिळून मला होडीत ओढलं. आबांनी टॉवेल पुढे केला. मी तो घेतला नाही.

"आबा, हे धरण नाही," मी म्हणाले. "कळत नाही तर बोललात कशाला?"

तांडेल समुद्राकडे बघायला लागला. आबा टॉवेल हातात धरून तसेच बसले.

"चुकलं, पोरी," ते म्हणाले.

तेव्हा मी सांगू शकले असते. आबा, मला माहीत होतं, वहीत लिहिलंय. चार शब्द होते. मी तोंड फिरवून बसले. पुण्यापर्यंतच्या प्रवासात आबांनी घाटात एकदा विचारलं, "काय खातीस का?" मी नाही म्हटलं. त्यांनीही काही खाल्लं नाही.

त्यानंतर आबा पाण्यावर मला बघायला आले नाहीत. कधी वेळ नाही, कधी गुडघा. शर्यतीचं विचारणंही बंद झालं. मी मनाशी ठरवलं, पुढच्या वर्षी तीच शर्यत पूर्ण करायची आणि त्या वाळूवर उभं राहून त्यांना खरं काय ते सांगायचं. हरलेल्या तोंडानं माफी मागायला मला लाज वाटत होती. जिंकून मागणार होते. ह्याला माझा स्वाभिमान म्हणायचं की आणखी काही, वाचणाऱ्यांनी ठरवावं.

एका रविवारी संध्याकाळी आबा दारात बसले होते. मी आत कपड्यांना इस्त्री करत होते. ते म्हणाले, "पोरी, आज पौर्णिमेपासनं पाचवा दिस हाय."

"हं."

"म्हंजे पंचमी. पंचमीला भरती पावणेचारला. पाच तिथी, तिची पाऊणपट करायची. तिथं दर्यावर समदी असंच काढत्यात."

आमच्या घरात पौर्णिमा तेवढी पाळतात. आई खीर करते, विहारात जाऊन येतो. एरवी तिथी-बिथी कोणी बघत नाही, तसलं कॅलेंडरही नाही. हे आबांनी कुठून आणलं, असं मला वाटायला हवं होतं. मी मोबाईल उचलला, बघितलं आणि म्हटलं, "चार वाजून दहा मिनिटं. मोबाईलवर दिसतं आबा सगळं."

"व्हय का?"

"हो. कुठल्या बंदराची पाहिजे त्याची."

"बरं हाय मंग," आबा म्हणाले. थोड्या वेळानं उठून चपला घालून कोपऱ्यावर जाऊन आले.

त्यानंतर सात आठवड्यांनी सकाळी गाळ्यावर मासा कापता कापता आबा खाली बसले. लोकांना वाटलं, सुरी पडली म्हणून उचलायला वाकले. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. मला फोन आला तेव्हा मी धरणाच्या मध्यावर होते. काठावर येऊन बोर्ड उभा केला, अंग पुसलं आणि मग पिशवीतला फोन बघितला. नऊ वेळा येऊन गेला होता.

आबांच्या जलदान विधीला बाजारातली माणसं आली. त्यांत एक अनोळखी होता, बर्फातला मासा घेऊन येणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर, रायगडकडचा. जेवणं झाल्यावर तो माझ्याजवळ आला.

"तुम्हीच ना, त्या पोहणाऱ्या?"

"वल्हवणाऱ्या," मी म्हटलं.

"तेच ते. तुमचे आबा मला सोडायचे नाहीत हो. मी आलो की चहा आणायचे आणि विचारायचे, आज पाणी कधी फिरलं, खाडीच्या तोंडाला किती ओढ असते, उधाणाच्या मोठ्या भरतीला काय, भांगाच्या लहान भरतीला काय. मी म्हटलं, काका, तुम्हाला ह्या वयात दर्यावर नोकरी लागली का? तर म्हणाले, माझ्यामुळं पोरीचं गेलं. फुडच्या खेपेला तिच्यासंगं बसलो तर बोलणार न्हाई. पण कळलं तर पायजे."

ड्रायव्हर चांगला माणूस होता. मला बरं वाटावं म्हणून सांगत होता. मी त्याला अजून थोडी खीर घ्या म्हटलं आणि मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

शर्यत चार महिन्यांवर होती. मी जाणार नाही, असं सरांना सांगितलं. सर म्हणाले, "ठीक आहे." आग्रह केला नाही. आठवडाभर मी बोर्डाला शिवले नाही. आठव्या दिवशी आईनं पहाटे मला हलवून उठवलं.

"जायाचं न्हाई का?"

"कशाला जाऊ?"

"त्यांच्या माथ्यावर त्ये तसंच ठेवणार हायेस व्हय?" आई म्हणाली. "माझ्यामुळं गेलं म्हणत गेला त्यो माणूस. उठ."

मी उठले.

ह्या वेळी मी स्वतः सरांना म्हटलं, "होडीत तुम्ही बसा." सर हो म्हणाले. पण निघायच्या आदल्या दिवशी आईनं पिशवी भरून ठेवली. लाह्या, केळी, मीठ-साखरेच्या पाण्याच्या बाटल्या. "मी बसणार. सर किनाऱ्यावर थांबतील."

"आई, तू कधी नावेत बसली नाहीस."

"मला कुठं वाट दावायचीय? पाणीच द्यायचंय ना?"

सर म्हणाले, "बसू द्या त्यांना. दिशेचं तांडेलाला विचारा आणि तो सांगेल ते ऐका. एवढंच जमवा." तो टोला मला होता, आणि तो मी घेतला.

सकाळी वारा होता. पहिल्या तासातच आईला उलट्या सुरू झाल्या. एका हातानं होडीची कड आणि दुसऱ्या हातात माझी बाटली, अशी ती बसून होती. मी तांडेलाला विचारलं, "कुठं धरू?" त्यानं डावीकडच्या एका बोडक्या डोंगराकडे हात केला. दीपगृह पार उजव्या खांद्याच्या बाजूला गेलं. पालथं पडल्यावर ते मला दिसतच नव्हतं. ज्या ठिकाणी पोचायचं त्याच्यापासून लांब लांब हात मारत जायचं, हे अंगाला पटत नाही. प्रत्येक हाताला वाटतं, चुकतंय.

आई म्हणाली, "आगं, दीपगृह तिकडं हाय, तू कुठं..." आणि मग तिनंच पदर तोंडात धरला.

तिसऱ्या तासाला पाणी प्यायला थांबले. बोर्डावर बसून, होडीला हात न लावता, बाटली घेतली. आईचा चेहरा पांढरा पडला होता.

मी म्हटलं, "आई, मागच्या वेळी मला माहीत होतं. असं जायचं असतं ते आदल्या दिवशीच सांगितलं होतं. आबांची चूक नव्हती. मी सांगितलंच नाही त्यांना."

आईनं बाटली परत घेतली. झाकण लावलं. ते लागेना, दोनदा फिरवलं.

"मंग त्ये तवाच सांगायचं हुतंस त्यांस्नी," ती म्हणाली.

मी तोंडावरचं खारं पाणी पुसलं.

"आता हात मार," आई म्हणाली. "थांबू नगंस."

पाचव्या तासाला प्रवाहानं मला खाली आणायला सुरुवात केली, फळ्यावर बाण होते तसं. हात खांद्यात उरले नव्हते. मिठानं छातीची कातडी सोलली होती. आबांची जिथं सोलायची, बरोबर तिथंच. तांडेल अधूनमधून नुसतं "उजवं", "डावं" म्हणत होता. मी ऐकत होते. एकदाही त्याला उलट विचारलं नाही. शेवटच्या पल्ल्यात पिवळी इमारत आली, मोठी होत गेली आणि बाजूनं मागे पडली. बोर्डाचं नाक वाळूत रुतलं तेव्हा मला उठता आलं नाही. सरांनीही हात लावला नाही, शर्यतीच्या शेवटच्या रेषेपलीकडे उभं राहून म्हणाले, "चालत या, बाई. दहा पावलं आहेत." ती दहा पावलं मी चालले. आई होडीतून गुडघाभर पाण्यात उतरली होती आणि ओल्या लुगड्यानं मागून येत होती. आम्ही दोघी वाळूवर बसलो. 

सात तास चार मिनिटं लागली. अठ्ठावीस किलोमीटर मी मुदतीच्या आत, हातांनी वल्हवत पूर्ण केले. आम्ही पाचजणी होतो. त्यांत मी तिसरी आले.